तेलाचं तळं कुठेच नसतं

‘अमुक गावात ट्रक आले, जमीन हादरवली, खाली तेलाचा समुद्र सापडला!’ अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. त्यातले ट्रक तेवढे खरे.

हे ट्रक भूकंपीय सर्वेक्षणाचे: ते जमीन हादरवून खाली लहरी सोडतात. पण या सर्वेक्षणात तेल दिसत नाही. जमिनीत ओळीने खोचलेले जिओफोन थरांवर आपटून परतणाऱ्या लहरी टिपतात. हाती लागते ती मुख्यतः वेळ. समजा, लहर जाऊन-येऊन २ सेकंद लागले. वेग सेकंदाला ३,००० मीटर धरला तर थर ३,००० मीटर खोल. वेग ३,३०० धरा, तोच थर ३०० मीटर खाली सरकतो! खरी डोकेफोड या वेगाचीच. आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तर लहरी अशा विखुरतो की त्याखालचं चित्र धूसरच येतं.

तेल असतं खडकाच्या बारीक छिद्रांत, भिजलेल्या विटेत पाणी असावं तसं. चित्रात दिसतो तो फार तर सापळा, म्हणजे तेल अडकू शकेल अशी जागा: थरांचा घुमट किंवा प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेली भेग). कधी वायूची चाहूल लागते, पण तीही फसवी असू शकते. आत तेल की नुसतं खारं पाणी, हे विहीर खोदल्यावरच कळतं. बऱ्याचदा पाणीच निघतं.