खाणीतील मिथेनपासून ऊर्जा

दगडी कोळशाच्या खाणीत मोकळा होणारा मिथेन वायू हवेत सोडून न देता गोळा करून त्यापासून वीज किंवा उष्णता मिळविण्याची पद्धत. हा वायू खाणीत राहू देता येत नाही. कामगारांच्या जिवासाठी तो बाहेर काढावाच लागतो. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा सुरक्षेपायी आधीच झालेला असतो. एवढे करूनही तो वाया घालवणे हे मोठे नुकसान आहे.

वनस्पतींचा कोळसा होताना मिथेन तयार होतो आणि कोळशातील अतिसूक्ष्म रंध्रांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. वरच्या खडकांच्या व पाण्याच्या दाबामुळे तो तिथेच अडकलेला असतो. खोदकामाने दाब उतरला की तो सुटतो. वरखालचे थर भेगाळले की त्यांतलाही वायू खाणीत येतो. साधारणपणे थर जितका खोल आणि कोळसा जितका पक्व (म्हणजे दाब व उष्णतेने जितका अधिक बदललेला), तितका वायू जास्त. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर एका ठिणगीने स्फोट होतो. झरिया कोळसाक्षेत्रातील भाटडीह खाणीत सप्टेंबर २००६ मध्ये अशाच स्फोटात ५० कामगार दगावले.

वायू वापरण्याची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील व्हाइटहेवन येथे खाणीतला वायू नळीने वर आणला जात असे. तो गावातल्या रस्त्यांवरील दिव्यांसाठी देण्याची तयारी खाणीचे व्यवस्थापक स्पेडिंग यांनी दाखवली होती. नगराच्या कारभाऱ्यांनी ती नाकारली. मोठ्या प्रमाणावर, पंपाने ओढून वायू काढण्याचे काम १९४३ मध्ये जर्मनीच्या रूर भागातील मान्सफेल्ट खाणीत सुरू झाले.

वायू काढण्याचे दोन मार्ग आहेत. एकात खोदकामाआधीच थरात छिद्रे पाडून तो ओढून घेतात. दुसऱ्यात कोळसा काढल्यावर छत खचून तयार झालेल्या पोकळीतून, म्हणजे गोफमधून, तो काढतात. आधी काढलेला वायू बहुधा शुद्ध असतो; गोफमधल्या वायूत खाणीची हवा मिसळते. स्फोटाच्या मर्यादेपासून पुरेसे दूर राहण्यासाठी मिथेन सुमारे ३० टक्क्यांहून कमी असलेला वायू वापरणे धोक्याचे मानले जाते. चांगल्या प्रतीच्या वायूवर गॅस इंजिने चालतात. चीनच्या शान्शी प्रांतातील सीहे खाणीजवळचे १२० मेगावॉटचे केंद्र या प्रकारच्या जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी आहे.

खरी अडचण वायुवीजनाच्या हवेची आहे. खाणींतून निसटणाऱ्या मिथेनचा बराच मोठा हिस्सा पंख्यांनी बाहेर फेकलेल्या या हवेतून जातो, पण तिच्यात मिथेन बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. इंजिनाला तो पुरत नाही. त्यासाठी ही हवा सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या सिरॅमिक थरांतून नेतात. मिथेन ज्वाळेविना जळतो आणि त्याच उष्णतेवर थर तापलेले राहतात. ऑस्ट्रेलियातील वेस्ट क्लिफ खाणीत २००७ मध्ये या उष्णतेपासून वाफ करून ६ मेगावॉटचे जनित्र चालवण्यात आले. हे तंत्र महाग आहे आणि वीज थोडी मिळते. तरी हवामानाच्या दृष्टीने सर्वाधिक लाभ इथेच आहे. एक टन मिथेन जाळल्यास सुमारे पावणेतीन टन कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. तोच न जाळता सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो २८ ते ३० टन कार्बन डाय-ऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा आकडा ८० च्या पुढे जातो.

खाण बंद झाली तरी वायू थांबत नाही. पाणी भरेपर्यंत तो झिरपतच राहतो. जर्मनीने २००० च्या अक्षय ऊर्जा कायद्यात खाणवायूच्या विजेला हमी दर दिला आणि रूरमधल्या बंद खाणींवर इंजिने बसू लागली. हा दर नसता तर ती बसली असती, असे वाटत नाही.

भारतातले ठळक उदाहरण धनबादजवळच्या मुनीडीह खाणीचे. भारत कोकिंग कोल कंपनीची ही खाण वायूच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत मोडते. यांत्रिक लाँगवॉल खोदकाम (कोळशाची लांब भिंत यंत्राने सलग कापत जाण्याची पद्धत) देशात प्रथम १९७८ मध्ये इथेच झाले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण सुविधा आणि भारत सरकार यांच्या मदतीने इथे जमिनीवरून विहिरी खोदून वायू काढला गेला. त्यावर प्रत्येकी २५० किलोवॉटची दोन इंजिने चालवून कामगार वसाहतीला वीज देण्यात आली. काही डंपरही डिझेलबरोबर हा वायू वापरून चालवून पाहिले. तंत्र जमते, हे यातून सिद्ध झाले. मात्र कोळसा एका मंत्रालयाकडे आणि वायू दुसऱ्याकडे असल्याने पुढची वाट बराच काळ अडली. २०१८ च्या अधिसूचनेने कोल इंडियाला आपल्या खाणपट्ट्यांत वेगळ्या परवान्याविना वायू काढण्याची मुभा मिळाली.

देशातला बहुतांश कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो. तिथे थर उघडा पडला की वायू थेट आकाशात जातो, म्हणून पकडायचा तर खोदण्यापूर्वीच. चंद्रपूर, यवतमाळ आणि उमरेड परिसरातील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी प्रामुख्याने उघड्या व उथळ आहेत. तिथला कोळसा कमी पक्व असल्याने वायूही कमी. विदर्भात मुनीडीहसारखे केंद्र उभारण्याइतका साठा या थरांत अपेक्षित नाही.