टॉर्चवर दाबलेलं बोट आणि कॅन्सरचं औषध

लाइट गेली की मोबाइलच्या टॉर्चवर बोट दाबून बघत बसायचा टाइमपास सगळ्यांनीच केलाय. बोट लालभडक दिसतं. टॉर्च तर पांढरा, मग लाल कुठून आला? रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड शोषून घेतं आणि लाल तेवढा आरपार सुटतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता गोष्ट म्युनिकची. ऑस्कर राब नावाचा एक विद्यार्थी हेर्मान फॉन टापाइनर यांच्या लॅबमध्ये पॅरामेशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवांवर अ‍ॅक्रिडीन नावाचं रसायन टाकून बघत होता, किती वेळात मरतात ते. पण आकडे काही जुळेनात, एका दिवशी पटापट मरायचे तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच डोसमध्ये तासनतास मजेत पोहत बसायचे. मग कळलं की ज्या दिवशी ते टिकले त्या दिवशी बाहेर वादळ होतं आणि खोलीत अंधारून आलेलं. म्हणजे औषध तेच, फरक उजेडाचा! १९०० साली त्याने हे छापलं आणि १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी कातडीच्या गाठींवर इओसिन नावाचा रंग लावून उजेड पाडून बघितला.

पुढचे महाशय जरा जास्तच उत्साही निघाले. फ्रीडरिश मायर-बेट्झ, साल १९१२. रक्ताच्या लाल रंगद्रव्यापासून हिमॅटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ मिळतो, तो याने २०० मिलिग्रॅम स्वतःलाच टोचून घेतला आणि उन्हात गेला. तोंड असं सुजलं की ओळखू येईना, आणि उन्हाचा हा त्रास त्याला पुढे दोन महिने पुरला.

तर गंमत अशी की असं औषध अंधारात जवळपास गप्प असतं, आणि नुसता लाल उजेड तर काहीच करत नाही, पण दोघं एकत्र आले आणि तिथे ऑक्सिजन असला की औषध उजेडाची ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि तो पिसाळतो. याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. याचं आयुष्य इतकं कमी की पेशीच्या रुंदीचा शंभरावा भाग ओलांडायच्या आधीच तो संपतो, म्हणजे जिथे तयार झाला तिथेच जाळपोळ, शेजाऱ्याला फारसा धक्का नाही. केमोसारखं सगळ्या अंगाला भोगावं लागत नाही ते म्हणूनच. कॅन्सरवरच्या या उपचाराचं नाव आहे फोटोडायनॅमिक थेरपी.

अमेरिकेत बफेलोच्या रॉझवेल पार्क या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये थॉमस डोहर्टी यांनी ही गोष्ट खऱ्या अर्थाने दवाखान्यात आणली. १९७८ मध्ये त्यांनी २५ पेशंटच्या ११३ गाठींचा रिपोर्ट दिला, त्यातल्या १११ पूर्ण किंवा थोड्याफार विरघळल्या होत्या. पुढे फोटोफ्रिन नावाने औषधाला कॅनडात १९९३ ला आणि अमेरिकेत १९९५ ला परवानगी मिळाली, अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. इंजेक्शन देतात, मग ४० ते ५० तास थांबतात, तोवर बऱ्याच अवयवांतून ते निघून जातं पण गाठीत रेंगाळतं, मग दुर्बिणीच्या नळीतून बारीक फायबर आत सरकवून लेझरचा लाल उजेड पाडतात. लाल का, ते बोटाने सांगितलंच आहे. पण लाल झाला तरी तो काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभरच आत पोचतो, त्यामुळे अंगभर पसरलेल्या कॅन्सरला याचा उपयोग नाही, "लेझरने कॅन्सर गायब" छापाचे फॉरवर्ड आले की हे आठवा.

आणि रेंगाळतं ते कातडीतही. म्हणून पेशंटला निदान महिनाभर उन्हात जायची बंदी. सनस्क्रीन लावून चालत नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि इथे दिसणारा उजेडच घातक. पण म्हणून पडदे लावून काळोखात बसा असंही नाही, उलट घरातल्या साध्या उजेडात वावरायला सांगतात, त्याने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मेंदूच्या ऑपरेशनचं. तिथे आधी तीनेक तास पेशंटला एएलए नावाचं औषध प्यायला देतात. त्यापासून गाठीच्या पेशी पॉर्फिरिन नावाचा चमकणारा पदार्थ बनवतात, मायक्रोस्कोपमधून निळा उजेड टाकला की गाठ लाल-गुलाबी दिसते आणि सर्जनला कळतं की अजून किती उरलीये. इथे उजेड मारत नाही, नुसता दाखवतो. जर्मनीतल्या २००६ च्या एका चाचणीत अशा पद्धतीने ६५ टक्के पेशंटची स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण काढता आली, साध्या उजेडात हाच आकडा ३६. जपानने २०२० मध्ये आणखी पुढची पायरी मान्य केली, उजेडाला जागा होणारा रंग थेट कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला बांधायचा. सध्या ते डोक्या-मानेच्या कॅन्सरपुरतं आहे.

बाळाला कावीळ झाली की निळ्या लाइटखाली ठेवतात, तेही उजेडाचंच औषध, फक्त तिथे कुणाला मारायचं नसतं. कातडी पिवळी करणाऱ्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर पडायला सोपं जातं. इंग्लंडच्या रॉचफर्डमध्ये १९५६ च्या सुमारास एका सिस्टरच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळाचा पिवळेपणा उतरलाय, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळा राहिलाय.

आणि आपली बावची. कोडावर लावून उन्हात बसायचं हे फार जुनं. बियांमध्ये सोरालेन असतं, ते अतिनील किरणांत थेट डीएनएला चिकटतं. १९७४ पासून डॉक्टर याच सोरालेनच्या घराण्यातलं औषध मोजून-मापून सोरायसिसला वापरायला लागले, पण फार वर्षं घेतलं तर त्यानेच कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मोजून-मापून हे महत्त्वाचं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी व्हिडिओ बघून बावचीचं तेल पायाला चोळलं आणि मे महिन्यात गच्चीवर जाऊन बसल्या, दुसऱ्या दिवशी पायावर टम्म फोड. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ बसला होतात? तर म्हणे, पापड वाळेपर्यंत.