डायनाची शक्ती कुणी काढली, कुणी परत आणली

जुलै १९७२मध्ये अमेरिकेतल्या ‘मिझ’ (Ms.) या नव्या स्त्रीवादी मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला. मुखपृष्ठावर वंडर वुमन होती : घरादारांवरून ढांगा टाकत निघालेली, आणि वर तिला राष्ट्राध्यक्ष करण्याची घोषणा. ताऱ्यांची चड्डी, मुकुट, सत्य वदवणारा पाश, सगळं जागच्या जागी. गंमत अशी, की त्याच सुमारास स्टॉलवर मिळणाऱ्या वंडर वुमनच्या कॉमिकच्या अंकात यातलं काहीच नव्हतं. तिथे डायना प्रिन्स, म्हणजे वंडर वुमनच, चार वर्षं बिनशक्तीची, बहुधा पांढऱ्या कपड्यांत, कराटेच्या जोरावर दिवस काढत होती. सुपरहिरो स्त्रियांच्या चित्रणावर आजही जे वाद झडतात, त्यांचं मूळ पोशाखात शोधण्यापेक्षा या चार वर्षांत शोधावं.

आधीची हकीकत थोडक्यात. हे पात्र १९४१च्या अखेरीस आलं. त्याचा कर्ता मानसशास्त्रज्ञ होता, रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या चाचणीवर काम केलेला. पहिल्या चित्रकाराने तरुणपणी मताधिकार चळवळीच्या बाजूने व्यंगचित्रं काढली होती. साखळदंड तोडणारी स्त्री ही त्या चळवळीची नेहमीची प्रतिमा, आणि डायना पानोपानी साखळ्यांत अडकते व सुटते त्यामागे ती आहेच. पण साखळ्या इतक्या झाल्या की प्रकाशकाच्या सल्लागार मंडळातल्या एका बाईंनीच हरकत घेतली. ‘प्रतीक की चाळा?’ हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे, आणि खरं सांगायचं तर दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. याच काळात सुपरहिरोंच्या संघटनेत तिला सामावून घेतलं ते चिटणीस म्हणून. बाकीचे मोहिमेवर जात, ही टिपणं घेई.

१९४७मध्ये कर्ता वारला आणि मालिका दुसऱ्यांच्या हाती गेली. फरक कुठे पडला ते एका सदरात दिसतं. १९४२च्या पहिल्या अंकापासून त्यात खऱ्या कर्तबगार स्त्रियांची चार पानी चरित्रं असत आणि पहिलं फ्लोरेन्स नाइटिंगेलचं होतं. पन्नाशीच्या दशकात ती जागा देशोदेशींच्या लग्नाच्या चालीरीतींनी घेतली. कॉमिक्स प्रकाशकांच्या १९५४च्या आचारसंहितेने विवाहसंस्थेचं पावित्र्य राखण्याची अट घातली. त्याच संहितेत स्त्रियांची शरीरं फुगवून न काढण्याचंही कलम होतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

आता १९६८. खप उतरला होता. नव्या लेखक-चित्रकारांसमोर नमुना होता ब्रिटिश टीव्हीवरच्या कराटेपटू गुप्तहेर नायिकेचा. क्रमांक १७९च्या अंकात ॲमेझॉन, म्हणजे डायना ज्यांच्यातली त्या योद्ध्या स्त्रिया, आपली जादू पुन्हा कमवायला दुसऱ्या मितीत निघून जातात. डायना प्रियकरासाठी मागे राहते, म्हणून तिला शक्ती सोडावी लागते. पुढच्याच अंकात प्रियकर मारला जातो. एक आंधळा चिनी गुरू तिला लढायला शिकवतो आणि ती न्यूयॉर्कमध्ये कपड्यांचं बुटीक काढते.

यावर स्त्रीवाद्यांचा आक्षेप सरळ होता. पुरुष नायकांच्या बरोबरीची ताकद असलेली ही एकच नायिका घराघरात ठाऊक होती. तिची ताकद काढायची, वर ती एका पुरुषासाठी काढायची, आणि लढाई पुन्हा पुरुषाकडूनच शिकवायची? पण लेखकांची बाजूही निव्वळ बाष्कळ नव्हती. देवांनी दिलेलं बळ वापरणारी देवी होण्यापेक्षा, स्वतःचं पोट स्वतः भरणारी आणि सरावाने लढाई कमावलेली बाई ही अधिक आधुनिक, असं त्यांना वाटत होतं. आपण स्त्रीवादीच गोष्ट लिहितोय असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्या लेखकाने पुढे ही चूक होती असं मान्य केलं. तरी तो काळ सरसकट अडगळीत टाकणं बरोबर नाही. डायना वाणसामान, भाडं अशा रोजच्या जगात आली ती तेव्हा.

खरा गुंता शक्ती परत आणताना झाला, आणि तो भाग स्त्रीवादी इतिहासात एका ओळीत उरकला जातो. १९७२च्या अखेरच्या क्रमांक २०३वर ‘विशेष स्त्रीमुक्ती अंक’ असं छापलं होतं. तो एका कृष्णवर्णीय विज्ञानकथाकाराने लिहिला होता. गोष्ट अशी : एका मोठ्या दुकानाचा मालक डायनाला जाहिरातीसाठी पैसे देऊ करतो. त्याच दुकानात बायकांना कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार मिळतो. कामगार बायका डायनाला आपल्यात ओढू पाहतात तेव्हा ती म्हणते, समान वेतन मलाही पटतं, पण संघटना-बिंघटना माझं काम नाही, आणि बहुतेक बायका मला आवडतही नाहीत. शेवटी ती त्यांच्या बाजूने उभी राहते आणि दुकान बंद पडतं. तेवढ्यात दुसरा घोळका आत घुसतो, नोकरी गेलेल्या २५० बायकांचा. विजयाचं पान म्हणून उघडावं आणि हिशेबाचं निघावं, असा हा शेवट आहे.

ही सहा भागांची मालिका होणार होती. शेवटच्या भागात स्त्री-डॉक्टरांनी चालवलेल्या गर्भपात केंद्रावर गुंड चालून येतात आणि डायना ते वाचवते, असा आराखडा होता. तो छापला गेला नाही. त्या लेखकाने नंतर सांगितल्याप्रमाणे, ‘मिझ’च्या एक संस्थापक संपादक प्रकाशक कंपनीत येऊन गेल्या, जुना पोशाख कुठे गेला असं त्यांनी विचारलं आणि गाडं फिरलं. एका भेटीनेच सगळं घडलं असं मानायला नको, कारण खप आणि संपादकबदल हेही होतेच. पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९७३च्या क्रमांक २०४मध्ये शक्ती परत आली, आंधळा गुरू गोळीने मेला, आणि पहिल्याच पानांत स्त्रियांच्या मासिकाची एक संपादक मारली गेली. तिचं नाव कंपनीतल्याच एका माजी स्त्री-संपादकाच्या नावावर केलेली कोटी होती. याच जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा निकाल दिला. पोशाख परत मिळाला आणि त्या भरात वेतन व गर्भपात दोन्ही विषय मालिकेतून गेले. चळवळीने मागितलेल्या प्रतीकापायी चळवळीचीच गोष्ट कापली गेली, असं म्हणणं कठोर आहे, पण खोटं नाही.

‘मिझ’ मासिकाने १९७२मध्येच वंडर वुमनच्या निवडक कथांचं पुस्तक काढलं, तेही चाळिशीच्या दशकातल्या कथांचं. आज ‘मूळ’ वंडर वुमन म्हणून जी ओळखली जाते ती बरीचशी या निवडीतून आलेली आहे.

प्रतिस्पर्धी कंपनीने जानेवारी १९७७मध्ये मिस (Ms.) मार्व्हल आणली. लग्न झालंय की नाही हे न सांगणारं ‘Ms.’ हे संबोधन मुद्दाम नावात घेतलं आणि नायिकेला स्त्रियांच्या मासिकाची संपादक केलं. पोशाख मात्र एका पुरुष नायकाचाच, पोट उघडं ठेवून कापलेला. सत्तरीच्या अखेरीस अशा जोडनायिका भराभर निघाल्या त्यामागे धंद्याचं कारणही होतं. स्पायडर-मॅनची स्त्री आवृत्ती दुसऱ्या कुणी आधी काढली तर नाव हातचं जाईल, म्हणून स्पायडर-वुमन. टीव्हीवाले हल्कची काढतील म्हणून शी-हल्क. ऑक्टोबर १९८०च्या अव्हेंजर्सच्या २००व्या अंकात मिस मार्व्हलला यंत्राने मन वळवून गरोदर करणाऱ्याबरोबरच ती आनंदाने निघून जाते आणि सहकारी तिला निरोप देतात. हा बलात्कार आहे असं एका वाचक लेखिकेने लेख लिहून ठणकावलं. १९८१च्या वार्षिक अंकात दुसऱ्या लेखकाने तिला परत आणून त्या सहकाऱ्यांना झापायला लावलं. वाचकाच्या टीकेला कथेतूनच उत्तर मिळण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं.

नव्वदीतल्या चित्रांचा दोष एकट्या चित्रकारांच्या नजरेवर घालता येत नाही. स्टॉलवरचे न खपलेले अंक परत जात. खास कॉमिक्सच्या दुकानांत ती सोय नव्हती. उरलेला माल दुकानदाराच्या गळ्यात, म्हणून तो ठरावीक गिऱ्हाईक नेईल तेवढंच मागवी, आणि ते गिऱ्हाईक मुख्यतः तरुण पुरुष. मग छाती आणि नितंब दोन्ही एकाच वेळी वाचकाकडे वळलेली, मणक्याला न झेपणारी पोज रूढ झाली. २०१२च्या अखेरीस इंटरनेटवर काहींनी हॉकआय या पुरुष पात्राला नेमक्या त्याच पोजमध्ये काढायला घेतलं. पानभर युक्तिवादाचं काम एका चित्राने केलं.

कथानकांतल्या अशा खोडींची यादी त्याआधीच झाली होती. १९९४च्या ग्रीन लँटर्नमध्ये नायकाच्या प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. त्यावरून १९९९मध्ये एका वाचक बाईने मारल्या, मोडल्या किंवा शक्ती गमावलेल्या नायिकांची यादी वेबवर टाकली. याच बाई २००७पासून वंडर वुमन लिहू लागल्या.

आणि २०१६. २१ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला स्त्रिया व मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत केलं. समारंभातच काही कर्मचारी पाठ फिरवून उभे राहिले. त्यांच्या अर्जावर सुमारे ४५ हजार सह्या झाल्या. रोख अमेरिकन झेंड्यासारख्या तोकड्या पोशाखावर आणि अशक्य बांध्यावर होता. पण वेळ पाहावी : महासचिवपदाच्या १३ उमेदवारांत सात स्त्रिया होत्या, आणि त्याच महिन्यात निवड पुरुषाची झाली होती. हाडामांसाची बाई चालली नाही आणि कागदाची चालली, हा राग खरा होता. पोशाख हे त्याचं सोयीचं टोक. डिसेंबरच्या मध्यावर नेमणूक संपली. काल्पनिक पात्रांना असे मान थोड्याच दिवसांचे असतात, असा खुलासा आला.

आपल्याकडचा धागा वेगळ्या क्रमाने जातो. वंडर वुमनच्या सहा वर्षं आधी, १९३५मध्ये, मुंबईच्या परळमधल्या स्टुडिओने ‘हंटरवाली’ काढला. पुढे राजकमल कलामंदिर उभं राहिलं ती हीच जागा. मुखवटा, चाबूक, घोडा, आणि स्टंट नायिकेने स्वतः केलेले. डिसेंबर २०१४च्या मुंबई कॉमिक कॉनमध्ये आलेली ‘प्रिया’ दिल्लीच्या २०१२च्या घटनेनंतर सुचलेली आहे. ती बलात्कारातून वाचलेली खेड्यातली मुलगी, वाघावर बसते. तिच्याकडे पाश किंवा मनगटपट्टे नाहीत. झाल्या प्रकाराची लाज आपली नव्हे, हे ती गावागावात जाऊन मोठ्याने सांगते.