फूल पडलेला डोळा आणि बुबुळाचा काठ : मूलपेशी-उपचारांमागचा इतिहास

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बुबुळावर पांढरा डाग आलेल्या माणसाविषयी ‘डोयामा फूल पडनं’ एवढेच सांगितले जाते आणि ऐकणाऱ्यालाही तेवढे पुरते. पऱ्हाटी उपटताना काटकी लागून जखम झाली, ती चिघळली आणि मागे पांढरा वण राहिला, तरी ते फूल. भिंतींना लावायचा चुना विरवताना शिंतोडा उडून डोळा पांढरा झाला, तरी तेही फूलच. बाहेरून दोन्ही डोळे जवळपास सारखे दिसतात, त्यामुळे घरच्यांचा प्रश्नही एकच असतो: नेत्रदानात मिळालेले बुबुळ बसवले तर दिसेल ना? पहिल्या प्रकारच्या डोळ्याला पुष्कळदा ‘होय’ असे उत्तर देता येते. दुसऱ्या प्रकारच्या डोळ्यात मात्र तेच बुबुळ काही महिन्यांत गढूळ होते, त्यावर रक्तवाहिन्या चढतात आणि डोळा पुन्हा पांढरा पडतो. असे का होते, हे कळायला विसाव्या शतकाचा बहुतेक काळ खर्ची पडला, आणि बुबुळाच्या काठावरील मूलपेशींवरचे, म्हणजे विभागत राहून नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळ पेशींवरचे, संशोधन याच प्रश्नाभोवती उभे राहिले आहे.

ज्याला आपण व्यवहारात बुबुळ म्हणतो, त्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला शास्त्रीय मराठीत पारपटल असा शब्द आहे. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. पारदर्शक राहण्यासाठी ही अट निसर्गाने कसोशीने पाळली आहे. त्याच्या सर्वांत बाहेरच्या बाजूला पेशींच्या पाच-सहा थरांचे नाजूक आवरण असते. पापणीच्या उघडझापीने आणि धुळीवाऱ्याने या आवरणातील वरच्या पेशी सतत झडत असतात आणि सुमारे आठवड्या-दहा दिवसांत ते संपूर्ण नवे होते. पेशींचा हा पुरवठा मुख्यतः काळे आणि पांढरे जिथे मिळते त्या गोल काठातून होतो. या काठाला लिंबस म्हणतात. दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिथे केंद्राकडे निर्देश करणाऱ्या बारीक उभ्या रेषा कुंपणाच्या काठ्यांसारख्या ओळीने दिसतात आणि त्यांच्या आडोशाला मूलपेशी राहतात. या पेशी आवरण पुरवतातच, शिवाय डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील त्वचेला आणि तिच्या रक्तवाहिन्यांना आत येण्यापासून थोपवूनही धरतात. काठ नष्ट झाला की दोन्ही कामे एकदम थांबतात.

हा काठ नष्ट करण्यात आपल्या घरांतला चुना भलताच तरबेज आहे. कानबाईच्या किंवा दिवाळीच्या आधी घरे रंगवण्याची खानदेशातील जुनी रीत आठवावी: अर्ध्या कापलेल्या पिंपात कळीचा चुना टाकून वरून पाणी ओतले की तो भसाभस उकळू लागतो, गरम वाफ तोंडावर येते, नीळ मिसळायला वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्या पिंपावर असतो. आमच्या गल्लीतले एक जिभाऊ असेच वाकले होते. शिंतोडा उडाल्यावर त्यांना ओसरीवर बसवून डोळ्यात तूप घातले गेले, कारण आग शमवायची ती तुपाने, हाच सर्वांचा समज होता. पाण्याने मात्र तो डोळा कोणी धुतला नाही. आम्लाने जळालेल्या ठिकाणी प्रथिने साखळून एक प्रकारचा अडसर तयार होतो, त्यामुळे पुष्कळदा जखम वरच्यावर राहते. चुना हा अल्क, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ आहे. तो पेशींच्या आवरणातील स्निग्ध भाग विरघळवत आत उतरत जातो, आणि पापणीच्या आत चिकटलेला त्याचा एखादा कण तासन्‌तास झिरपत राहतो. काही वर्षांनी जिभाऊंना मोठ्या शहरात नेऊन बुबुळ बसवून आणले. पहिले दोन-तीन महिने त्यांना अंगणातला माणूस ओळखू येत असे. नंतर ते बुबुळही पांढरे पडले आणि दोष नशिबाला दिला गेला.

या दृष्टीने पाहता, बुबुळ-प्रत्यारोपणाच्या इतिहासातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया चुन्याने भाजलेल्या माणसावरच झाली होती, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स या गावी एडवर्ड झिर्म यांनी चुना विरवताना दोन्ही डोळे भाजलेल्या एका शेतमजुरावर प्रत्यारोपण केले. दोनपैकी एका डोळ्यातील बुबुळ स्वच्छ राहिले. त्या डोळ्याचा काठ काही अंशी वाचला असावा, असा तर्क आज करता येतो, पण त्या काळी काठाकडे पाहण्याचे कारणच नव्हते. पुढे १९३० च्या दशकात ओडेसा येथील व्लादिमीर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीचे बुबुळ वापरण्याची पद्धत रूढ केली, १९४५ मध्ये मद्रासला भारतातील पहिली नेत्रपेढी सुरू झाली आणि बुबुळ-प्रत्यारोपण हळूहळू नित्याची शस्त्रक्रिया झाली. भाजलेल्या डोळ्यांतील अपयश तेवढे तसेच राहिले. काच बदलूनही खिडकी पुन्हा काळवंडते आहे, हे सर्जनांना दिसत होते, पण दोष चौकटीत आहे हे कळत नव्हते.

चौकटीचा सुगावा रंगामुळे लागला. १९४४ मध्ये आयडा मान यांनी सशाच्या डोळ्यातील जखम भरून येताना काठाजवळचा रंग आत सरकताना पाहिला होता. १९७१ मध्ये नॉर्वेचे डाव्हांगर आणि एवेन्सेन यांनी रंगद्रव्य अधिक असलेल्या मानवी डोळ्यांत हेच पाहिले: जखम भरताना काठापासून मध्याकडे रंगीत रेषा सरकत जात होत्या. बुबुळाचे आवरण काठावरील त्या कुंपणासारख्या भागातून नवे होत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. निळ्या-घाऱ्या डोळ्यांत अशी रेषा सहज दिसत नाही; काळ्या काठाच्या डोळ्यांत निसर्गानेच खूण करून ठेवलेली असते. आपल्यासारख्यांच्या डोळ्यांचा हा रंगच त्या कोड्याचा धागा ठरावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

तरीही तर्काला पुराव्याची जोड मिळायला आणखी पंधरा-अठरा वर्षे लागली. १९८३ मध्ये थॉफ्ट आणि फ्रेंड यांनी आवरणाचा ताळेबंद मांडला: झडणाऱ्या पेशी या खालून वर येणाऱ्या आणि काठाकडून आत येणाऱ्या पेशींच्या बेरजेइतक्या असल्या पाहिजेत. १९८६ मध्ये टुंग-टिएन सन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की पक्व बुबुळ-पेशींत आढळणारे केराटिन जातीचे एक विशिष्ट प्रथिन काठाच्या तळातील पेशींत मात्र नसते, म्हणजे त्या पेशी अजून ‘लहान’ आहेत. १९८९ मध्ये त्याच गटाने या पेशी अतिशय संथपणे विभागतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले, आणि संथ विभाजन हे मूलपेशींचे लक्षण मानले जाते. त्याच वर्षी केनेथ केन्यन आणि शेफर त्सेंग यांनी निरोगी डोळ्याच्या काठाचे तुकडे काढून भाजलेल्या डोळ्यावर बसवल्याचा २६ डोळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. चुन्याने गेलेल्या डोळ्याचा पृष्ठभाग प्रथमच खात्रीने परत येऊ लागला.

एक धास्ती मात्र उरली. चांगल्या डोळ्यातून काठाचा मोठा भाग काढावा लागत असे, आणि एक डोळा आधीच गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या डोळ्याला हात लावायचा म्हणजे सर्जनाच्याही मनाचा थरकाप होई. यावर मार्ग निघाला तो त्वचेच्या संशोधनातून. १९७५ मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी उंदराच्या पेशींच्या साहाय्याने काचपात्रात वाढवण्याची रीत शोधली होती. त्याच धर्तीवर इटलीतील ग्राझिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी काठाच्या अगदी छोट्या तुकड्यातून पेशींचा संपूर्ण पापुद्रा वाढवला आणि अल्काने भाजलेल्या दोन रुग्णांच्या डोळ्यांवर तो बसवल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २०१० मध्ये याच गटाने ११२ रुग्णांचा दीर्घ अनुभव मांडला, ७६.६ टक्के डोळ्यांत पृष्ठभाग कायमचा पूर्ववत झाला. वाढवलेल्या पापुद्र्यात पी६३ हे प्रथिन भरपूर असलेल्या, म्हणजे खऱ्या मूलपेशींचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक असेल तर यश ७८ टक्के आणि त्याहून कमी असेल तर ११ टक्के, हा त्यातील निष्कर्ष या शास्त्राला पक्के अधिष्ठान देणारा ठरला. फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपने या उपचाराला होलोक्लार या नावाने परवाना दिला. मूलपेशींवर आधारलेले युरोपातील ते पहिले परवानाप्राप्त औषध होय.

युरोपच्या परवान्याला जगभर प्रसिद्धी मिळाली, पण आपल्याकडच्या रुग्णांच्या दृष्टीने खरी उलथापालथ हैदराबादला झाली, असे माझे मत आहे. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून काठाच्या पेशी वाढवायला सुरुवात केली, तीही उंदराच्या पेशींचा आधार न घेता. त्यांनी प्रसूतीनंतर वारेबरोबर पडणारा पातळ पापुद्रा वापरला. शुद्ध करून साठवलेला हा पापुद्रा दाह कमी करतो आणि पेशींना अंथरुणासारखा आधार देतो. २०० रुग्णांवरील त्यांच्या अनुभवात ७१ टक्के यश मिळाले. तरीही पेशी वाढवण्यासाठी निर्जंतुक प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि मोठा खर्च लागतच होता, म्हणजे हा उपचार अशा दोन-चार केंद्रांपुरताच राहणार होता.

२०१२ मध्ये सांगवान, सयन बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध करून प्रयोगशाळाच वगळून टाकली. या शस्त्रक्रियेचे नाव स्लेट, म्हणजे काठाच्या पेशींचे साधे प्रत्यारोपण. तिची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. निरोगी डोळ्याच्या काठातून साधारण २ मिलिमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला जातो. भाजलेल्या डोळ्यावर चढलेले मांस आणि रक्तवाहिन्या सोलून काढून त्या जागी वारेचा पापुद्रा जैविक गोंदाने चिकटवला जातो. मग त्या कणीचे ८-१० बारीक तुकडे करून ते मध्यभाग सोडून गोलाकार पेरले जातात, प्रत्येकावर गोंदाचा थेंब ठेवला जातो आणि वरून मऊ काँटॅक्ट लेन्स झाकली जाते. पुढच्या काही दिवसांत प्रत्येक तुकड्याभोवती नव्या पेशींची खाचर पसरत जाते आणि खाचरे एकमेकांना मिळतात. जे काम काचपात्रात होत होते, ते डोळ्यातच होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या अनुभवात ७६ टक्के डोळ्यांत यश मिळाले. हा आकडा युरोपातील महागड्या पापुद्र्याच्या जवळचा आहे, आणि त्या १२५ जणांत ६० लहान मुले होती.

मुलांची ही संख्या मन अस्वस्थ करणारी आहे. आपल्याकडे भाजलेल्या डोळ्याचा संबंध कारखान्याशी लावला जातो, पण प्रत्यक्षात तंबाखूसोबतच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी हे लहान मुलांच्या डोळ्याला होणाऱ्या इजेचे मोठे कारण आहे. ओसरीवर पडलेली पुडी मूल हातात घेते, दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. खानदेशात ज्या घरात चंची आहे त्या घरात हा धोका आहे. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात जे होते त्यावर काठ वाचणार की जाणार हे बहुतांशी ठरते: जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली डोळा किमान वीस-तीस मिनिटे उघडा धरून धुणे, तूप, मध किंवा अंगावरचे दूध न घालणे, आणि वाटेत वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे नेणे, जिथे वरची पापणी उलटवून आत अडकलेले कण काढले जातात.

वर सांगितलेला सारा उपचार एक डोळा शाबूत असणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही डोळे भाजलेले असतील, किंवा एखाद्या औषधाच्या तीव्र विपरीत परिणामामुळे होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन विकारात दोन्ही काठ गेले असतील, तर स्वतःचा तुकडा आणायचा कुठून? नातेवाईकाच्या किंवा मृत दात्याच्या डोळ्यातून तो घेता येतो, पण मग शरीराने तो नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. २००४ मध्ये जपानचे कोहजी निशिदा यांनी चार रुग्णांच्या तोंडातील आतल्या त्वचेपासून पापुद्रा वाढवून तो बुबुळावर बसवला. तो तग धरतो, पण ती अखेर गालाचीच पेशी असते. पुढे निशिदा यांच्याच ओसाका येथील गटाने प्रौढ पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन, त्यांपासून बुबुळाच्या पेशी घडवून, २०१९ मध्ये पहिले प्रत्यारोपण केले. चार रुग्णांचा हा अनुभव नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: चौघांचीही दृष्टी आधी सुधारली आणि तिघांत ती वर्षभरानंतरही टिकून होती. चार ही संख्या लहान आहे, आणि हा उपचार गावाकडच्या रुग्णापर्यंत यायला अवकाश आहे.

नेत्रदानाचे महत्त्व या सगळ्यात कमी झालेले नाही. फक्त त्याचा क्रम बदलला आहे. चुन्याने बुबुळाचा आतला थरही गढूळ झाला असेल, तर आधी काठाची पेरणी करून पृष्ठभाग स्थिर होऊ दिला जातो आणि काही महिन्यांनी दान मिळालेले बुबुळ बसवले जाते. जिभाऊंच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला होता, कारण त्या काळी पहिली पायरी रुग्णालयापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. आता फूल पडलेला डोळा तपासताना नेत्रतज्ज्ञ त्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशाखाली काठ सगळीकडून फिरून पाहतो. कुंपणाच्या रेषा शिल्लक असतील तर रुग्णाचे नाव बुबुळाच्या प्रतीक्षायादीत जाते, आणि त्या पुसल्या गेल्या असतील तर आधी दुसऱ्या डोळ्याचा काठ तपासला जातो.