इंग्रजी व्याकरण व आकलनवाचन यांचा सराव

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्याला तिचे व्याकरण अंगवळणी पडावे आणि छापलेला मजकूर स्वतःच्या बळावर समजावा, यासाठी नेमाने केलेली लेखी व तोंडी तयारी. रिकाम्या जागा भरा, काळ बदला, प्रयोग बदला, दोन वाक्ये जोडा, चूक शोधा हे व्याकरणाकडचे ओळखीचे प्रकार. उतारा वाचून उत्तरे लिहिणे, शीर्षक सुचवणे, सारांश करणे, विधान बरोबर की चूक ते ठरवणे हे वाचनाकडचे. पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत या दोन बाजू वेगळ्या छापतात, म्हणून शिकणाराही त्यांचा अभ्यास वेगळा करतो. व्याकरणाच्या वहीत पैकीच्या पैकी गुण आणि उताऱ्यात मात्र गोंधळ, अशी मुले म्हणूनच प्रत्येक वर्गात दिसतात. प्रस्तुत नोंदीचा भर या दोन बाजू जिथे एकत्र येतात त्या सरावावर आहे, कारण भाषा खरी तिथेच पक्की होते.

एक जोडी पाहू. ‘शी लिव्ह्ड इन दॅट हाउस फॉर टेन इयर्स’ आणि ‘शी हॅज लिव्ह्ड इन दॅट हाउस फॉर टेन इयर्स’. दोन्ही वाक्यांवर एकच प्रश्न विचारावा : ती आज कुठे राहते? पहिल्या वाक्यातून कळते की तिने ते घर सोडले. दुसऱ्यातून कळते की ती अजून तिथेच आहे. हे सगळे ‘हॅज’ या एका शब्दात सामावलेले आहे. मराठीत आपण ‘ती तिथे दहा वर्षांपासून राहते’ असे सरळ वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून मराठी भाषकाच्या लेखणीतून ‘शी इज लिव्हिंग देअर सिन्स टेन इयर्स’ असे वाक्य सहज उतरते. आपले ‘पासून’ सोमवारलाही लागते आणि दहा वर्षांनाही. इंग्रजी मात्र सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’ लावते. तसेच ‘फ्यू स्टुडंट्स केम’ आणि ‘अ फ्यू स्टुडंट्स केम’. पहिल्यात जवळजवळ कुणी आले नाही अशी खंत आहे, दुसऱ्यात काही जण तरी आले असे समाधान आहे. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे हा एवढासा ‘अ’ डोळ्यांखालून निसटतो आणि लेखकाचा सूर उलटा समजतो. काळ आणि उपपदे यांचा सराव अशा ‘मग अर्थ काय झाला?’ या प्रश्नाला जोडून केला, तर नियम वेगळा घोकावा लागत नाही.

उताऱ्यावरचे प्रश्न आकलन तपासतात असे आपण धरून चालतो. ते किती फसवे असू शकतात हे अँड्र्यू इन्ग्रॅहॅम यांनी 1903 मध्ये एका निरर्थक वाक्याने दाखवले : ‘द गोस्टॅक डिस्टिम्स द डॉशेस’. यातला एकही मुख्य शब्द इंग्रजीत नाही. तरी डॉशेसना डिस्टिम कोण करतो, तर गोस्टॅक. गोस्टॅक काय करतो, तर डॉशेसना डिस्टिम करतो. उत्तरे बिनचूक आणि आकलन शून्य. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची ही युक्ती विद्यार्थी फार लवकर शिकतात, आणि बऱ्याच प्रश्नांना ती पुरतेही. म्हणून चांगला प्रश्न उताऱ्यातले शब्द वापरत नाही. तो कारण विचारतो, ‘ही’ किंवा ‘दिस’ कशासाठी आले आहे ते विचारतो, पुढे काय होईल ते विचारतो.

याच्या नेमका उलट प्रकारही घडतो. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी 1972 मध्ये वाचकांना कपडे धुण्याविषयीचा एक परिच्छेद दिला. शब्द सोपे, वाक्ये सरळ, पण कपडे हा शब्द कुठेच नाही. विषय आधी सांगितला त्यांना मजकूर समजला आणि बराच आठवलाही. ज्यांना विषय सांगितलाच नाही किंवा वाचून झाल्यावर सांगितला, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. प्रत्येक शब्द आणि प्रत्येक रचना ओळखीची असूनही माणूस उताऱ्यात हरवू शकतो. यामुळे उतारा हाती घेतला की आधी शीर्षक वाचावे, या विषयाचे आपल्याला काय माहीत आहे ते आठवावे आणि मगच पहिल्या ओळीला हात घालावा. एवढ्या दोन मिनिटांच्या तयारीने पुढचे वाचन हलके होते.

सरावाच्या पद्धती काळाबरोबर बदलत गेल्या. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शाळांत नियम पाठ करून सुटी वाक्ये भाषांतरित करण्याची व्याकरण-भाषांतर पद्धत रुजली होती. 1882 मध्ये व्हिल्हेल्म फिएटोर या जर्मन भाषातज्ज्ञाने तिच्यावर कडाडून टीका केली आणि बोलल्या जाणाऱ्या भाषेपासून सुरुवात करणारी सुधारणेची चळवळ उभी राहिली. तरीही केंब्रिजने 1913 मध्ये परभाषकांसाठी इंग्रजीची परीक्षा सुरू केली, तेव्हा तिच्यात व्याकरण, भाषांतर, निबंध आणि उच्चारशास्त्र असे सगळे होते. ती सुमारे 12 तास चाले. पहिल्या वर्षी तिघे बसले आणि तिघेही नापास झाले.

मायकेल वेस्ट या इंग्रजीच्या शिक्षणतज्ज्ञाचे काम इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. ढाक्यात अध्यापक-प्रशिक्षणाचे काम करताना त्यांच्या लक्षात आले की बंगालमधल्या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे. त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. नवा शब्द आला की तो पुढच्या पानांवर पुन्हापुन्हा भेटेल अशी तिची रचना होती, आणि एका पानावर नव्या शब्दांची गर्दी होऊ द्यायची नाही हा दंडक होता. 1953 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली सुमारे 2,000 शब्दांची यादी आजही पायाभूत मानतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइज यांच्या प्रभावाखाली साच्यांचा सराव आला : एकच वाक्यरचना, शब्द बदलत, पुन्हापुन्हा मोठ्याने म्हणायची. भाषा ही सवय आहे या त्यामागच्या समजुतीला भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1959 मध्ये जबर धक्का दिला. पुढे एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील शाळांत एक प्रयोग केला. नकाशा वाचणे, वेळापत्रकातून गाडी निवडणे अशी कामे मुलांना इंग्रजीतून दिली आणि व्याकरण वेगळे शिकवलेच नाही. कामात मन गुंतले की रचना आपोआप आत उतरते हा त्यांचा विचार कार्याधारित अध्यापनाचा एक मुख्य आधार ठरला.

रिकाम्या जागा भरण्याच्या प्रकाराला 1953 मध्येच एक वेगळे वळण मिळाले. विल्सन टेलर यांनी सलग मजकुरातून ठरावीक अंतराने एकेक शब्द, उदाहरणार्थ दर पाचवा, गाळला आणि तो वाचकाकडून भरून घेतला. मजकूर किती सुलभ आहे हे मोजण्यासाठी काढलेली ही युक्ती ‘क्लोज’ चाचणी म्हणून भाषाशिक्षणात आली. साध्या रिकाम्या जागेहून ती वेगळी का, हे एका वाक्यावरून कळते. ‘ही वॉज टायर्ड, ... ही वेंट ऑन वर्किंग’. इथे ‘सो’ आणि ‘बट’ दोन्ही व्याकरणाला चालतात. थकलेला माणूस काम करतच राहिला हे ज्याला समजले तोच ‘बट’ लिहितो. ‘वेंट ऑन वर्किंग’ऐवजी ‘वेंट टू बेड’ असते तर ‘सो’ लिहावे लागले असते. कंसात दोन पर्याय देऊन क्रियापदाचे रूप विचारणाऱ्या शंभर वाक्यांपेक्षा अशी दहा वाक्ये अधिक शिकवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांब वाक्यांत व्याकरणाशिवाय वाचकाचा निभाव लागत नाही. टॉमस बेव्हर यांनी 1970 मध्ये चर्चेत आणलेले वाक्य प्रसिद्ध आहे : ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’. ‘रेस्ड’ हे मुख्य क्रियापद समजून वाचक पुढे जातो आणि शेवटच्या ‘फेल’पाशी ठेच लागते. मुख्य क्रियापद ‘फेल’ हेच आहे. कोठारावरून दौडवलेला घोडा पडला, एवढेच वाक्य सांगते. मराठीत ‘दौडवलेला’ हे विशेषण नामाच्या आधी येते आणि त्याचे रूपच वेगळे असते, त्यामुळे असा चकवा बसत नाही. इंग्रजीत विशेषणासारखा वाक्यांश नामाच्या मागून येतो आणि त्याचे रूप भूतकाळासारखेच दिसते. यावरचा सराव साधा आहे. लांब वाक्यातले मुख्य क्रियापद आधी शोधून अधोरेखित करायचे, मग त्याचा कर्ता, आणि उरलेले कशाला चिकटते ते बाणाने दाखवायचे. वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद घेऊन रोज अशी तीन वाक्ये उलगडली तरी नजर तयार होते.

मात्र रचना कितीही कळली तरी शब्द अडले की वाचन थांबते. पॉल नेशन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार मदतीशिवाय सुखाने वाचायचे तर मजकुरातील सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एखादाच नवा. मूळ इंग्रजी पुस्तकांसाठी त्यांनी 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबांचा (मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून एक कुटुंब) अंदाज दिला आहे. दर ओळीला कोश उघडायला लावणारे पुस्तक म्हणूनच सरावाला चुकीचे. त्यापेक्षा सोप्या भाषेतली, गोष्टीत गुंगवणारी बरीच पुस्तके वाचावीत. फिजीमधल्या ग्रामीण शाळांत वर्गात रंजक इंग्रजी पुस्तकांचा साठा ठेवून मुलांना वाचू दिले होते. एली आणि मांगुभाई यांनी 1983 मध्ये त्याचा अहवाल दिला. मुलांचे वाचन सुधारलेच, पुढे त्यांचे लेखन आणि व्याकरणही सुधारले.

चुकांकडे पाहण्याची रीत सरावात निर्णायक ठरते. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडले की शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनात सध्या कोणता नियम चालू आहे याची खूण असते. ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ असे भूतकाळी रूप लिहिणाऱ्या मुलाने ‘गो’ला ‘एड’ लावला आहे, म्हणजे नियम त्याला कळला आहे, फक्त अपवाद राहिला आहे. उत्तरसूची पाहून लाल फुली मारण्याऐवजी शेजारी ‘मला असे का वाटले?’ हे एका ओळीत लिहिले, तर तीच चूक कुठून येते ते दोन आठवड्यांत दिसू लागते. उतारा दोनदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटावे आणि काय उरले ते सांगून पाहावे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवडाभराने बाजी मारली ती आठवून पाहणाऱ्यांनी.

व्याकरण आणि आकलन दोन्ही एकाच बैठकीत घडवणारा एक प्रकार घरीही करता येतो. कुणीतरी चार-पाच वाक्यांचा मजकूर नेहमीच्या वेगाने दोनदा वाचून दाखवतो. ऐकणारा फक्त महत्त्वाचे शब्द टिपतो आणि मग तो मजकूर स्वतःच्या वाक्यांत पुन्हा उभा करतो. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. मुळात ‘अ मॅन केम इन. द मॅन सॅट डाउन’ असते आणि शिकणाऱ्याच्या कागदावर दोन्हीकडे ‘अ मॅन’. मग विचारायचे : तुझ्या खोलीत किती माणसे आली? तो कागदाकडे बघतो, दोन म्हणतो, आणि दुसरा ‘अ’ स्वतःच खोडून तिथे ‘द’ लिहितो.