कुणाचा ठोसा सगळ्यात जड?

जॉर्ज फोरमन भारी की माइक टायसन? की जेमतेम ८४-८५ किलोंचा रॉकी मार्सियानो? बॉक्सिंगवेड्यांचा हा वाद सुरू झाला की आधी पुढे येते नॉकआउटची टक्केवारी. मार्सियानोचे ४९ विजयांत ४३ नॉकआउट, टायसनचे ५० विजयांत ४४, फोरमनचे ७६ विजयांत ६८. भागाकार करून पाहा, तिघेही ८८ ते ९० टक्क्यांच्या घरात! मार्सियानो आणि ऐन भरातला फोरमन यांच्या वजनात तेरा-चौदा किलोंचं अंतर, पण या आकड्यात त्याचा मागमूस नाही. समोर कोण उभा होता, हेही त्यात कुठे दिसत नाही.

त्यापेक्षा ठोसाच मोजला तर? १९८५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेटला, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातल्या बॉक्सरला, टांगलेल्या, गादी लावलेल्या सात किलोंच्या वजनावर ठोसा मारायला लावला. मूठ आदळली सेकंदाला ८.९ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. गल्लीतली स्कूटरही एवढ्या वेगाने जाते. पण आदळल्यापासून सेकंदाच्या सत्तराव्या भागात बल ४,०९६ न्यूटनवर पोचलं होतं, म्हणजे चारशे किलोंहून जास्त वजनाइतकं. सहा किलोंची, कापड गुंडाळलेली लाकडी मोगरी त्याच वेगाने डोक्यात बसावी, तसा हा प्रकार.

ताशी १४० किलोमीटरने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० ज्यूल ऊर्जा असते. या मोगरीत २४०. फक्त दुप्पट. संवेग मात्र, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, चेंडूच्या आठपटींहून जास्त भरतो. चेंडू हाड फोडेल. ठोसा अख्खं डोकंच ढकलून नेतो.

हे सहा किलो येतात कुठून? हात आणि ग्लोव्ह मिळून तेवढं भरत नाही. मूठ आदळते त्या क्षणी खांदा, कंबर, पाय हे सगळं किती ताठ जोडलेलं आहे, त्यावर ते ठरतं. एका सोव्हिएत अभ्यासात मुरलेल्या बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला, नवख्यांच्या ठोशात जेमतेम १७. नवखा दंडाने मारतो, मुरलेला जमिनीपासून मारतो. ऑलिंपिक बॉक्सरांना डमीच्या चेहऱ्यावर मारायला लावलेल्या २००५ च्या एका अभ्यासातही जड गटांचं बल जास्त भरलं, ते मुख्यतः मुठीमागच्या या वस्तुमानामुळे.

एवढं सगळं मोजलं तरी नॉकआउटचं गणित सुटत नाही. मेंदूला नुसत्या ढकलण्यापेक्षा पिळा जास्त बाधतो, असं ऑक्सफर्डच्या हॉलबर्नने १९४३ मध्येच मांडलं होतं. हनुवटीच्या टोकाला आडवा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला की हनुवटी तरफेसारखी काम करते आणि डोकं गर्रकन फिरतं. तोच ठोसा कपाळावर मधोमध बसला तर माणूस बऱ्याचदा पचवतो. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आधीच ताठतात. न दिसलेला ठोसा म्हणूनच घात करतो.

फोरमनचंच पाहा. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला त्याने तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझर याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. पुढच्याच वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासात त्याच्यासमोर मुहम्मद अली रिंगच्या दोरांना रेलून राहिला, बरेचसे ठोसे दंडांवर आणि बरगड्यांवर झेलत. आठव्या फेरीत आडवा झाला तो दमलेला फोरमन.

आणि ज्याचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला, तो ब्रुनो? १९९५ मध्ये तो जगज्जेता झाला. कारकिर्दीतल्या ४० विजयांत ३८ नॉकआउट, म्हणजे ९५ टक्के! या हिशेबात टायसन त्याच्या मागे पडतो. दोघे रिंगमध्ये दोनदा भेटले. १९८९ मध्ये टायसनने त्याला पाचव्या फेरीत संपवलं, १९९६ मध्ये तिसऱ्या.