दोन असेंब्ली हॉल: शॅम्पेनचा घुमट आणि ब्लूमिंग्टनच्या भिंती

७ फेब्रुवारी २०१३. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या क्रमवारीत इंडियाना विद्यापीठ पहिल्या क्रमांकावर होतं आणि समोर होतं इलिनॉय. गुण ७२-७२ असे बरोबरीत आणि घड्याळात एक सेकंदही उरलेला नाही. रेषेबाहेरून चेंडू आत आला, बास्केटखाली इलिनॉयचा टायलर ग्रिफी अगदी मोकळा सापडला आणि सामना ७४-७२ असा संपला. आता कुणी म्हणालं, की ‘नंबर एकचं इंडियाना असेंब्ली हॉलमध्ये हरलं’, तर वाक्य शंभर टक्के खरं आहे. ऐकणाऱ्याला मात्र वाटेल, की इंडियाना घरच्या मैदानावर हरलं. तसं झालं नव्हतं. तो असेंब्ली हॉल इलिनॉयचा होता.

ही दोन राज्यं शेजारी-शेजारी, दोन्ही विद्यापीठं ‘बिग टेन’ या एकाच गटात खेळणारी, आणि दोघांच्या बास्केटबॉलच्या घराचं नाव तेव्हा एकच. यात कुणी कुणाची नक्कल केली असं नाही. ‘असेंब्ली हॉल’ म्हणजे नुसतं सभागृह. गाव जमवायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. इंडियानात तर हे नाव फार जुनं. त्यांच्या आवारात १८९६ मध्ये याच नावाची छोटी इमारत होती आणि राज्यातल्या शाळांची पहिली बास्केटबॉल स्पर्धा १९११ मध्ये तिथेच झाली. म्हणजे ‘पहिला असेंब्ली हॉल कुणाचा?’ या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. नाव आधी इंडियानाचं, पण आज उभ्या असलेल्या दोन वास्तूंमधली थोरली इलिनॉयची.

इलिनॉयचा हॉल शॅम्पेनमध्ये मार्च १९६३ मध्ये उघडला. त्याआधी संघ १९२५च्या हफ जिमनॅशियममध्ये खेळायचा. नव्या हॉलचा आराखडा केला मॅक्स अब्रामोविट्झ यांनी. ते याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या फिलहार्मोनिक हॉलचे वास्तुरचनाकार. लांबून पाहिलं तर एका बशीवर दुसरी बशी उपडी ठेवल्यासारखं दिसतं. वरची बशी म्हणजे काँक्रीटचा घुमट. व्यास ४०० फूट आणि आत एकही खांब नाही.

खांब नाहीत, मग हा घुमट पेललाय कशानं? मला या इमारतीतला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. घुमट स्वतःच्या वजनानं खाली दबतो, तेव्हा त्याची कड बाहेर फाकायला बघते. जुन्या बांधकामात हा रेटा जाडजूड भिंती झेलायच्या. इथे कडेभोवती पोलादी तार ताणून गुंडाळली, एकूण ६१४ मैल. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव घट्ट बसली की आरे जागचे हलत नाहीत, तशी ही तार घुमटाला आवळून धरते. त्यामुळे काँक्रीटचं कवच व्यासाच्या मानानं अगदी पातळ ठेवता आलं.

गोल इमारत असली की आसनंही गोलाकार येतात. मैफल, पदवीदान, नाटक यांना ते सोयीचं. हा हॉल खरोखरच सगळ्यांसाठी बांधलेला होता. ४ मार्च १९६३ला इथे पहिला बास्केटबॉल सामना झाला, त्यात इलिनॉयनं नॉर्थवेस्टर्नला ७९-७३ असं हरवलं. त्या वर्षापासून १९९५ पर्यंत राज्यातल्या शाळांच्या मुलांच्या अंतिम फेऱ्याही इथेच रंगल्या.

ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियानाच्या हॉलमध्ये, गेलात तर गोलाई विसरा. १९७१ मध्ये उघडलेल्या या वास्तूत बहुतेक प्रेक्षक कोर्टाच्या दोन लांब बाजूंना बसतात, आणि तेही भिंतीसारख्या उभ्या चढणीवर. बास्केटमागे फारच थोडे. वरच्या बाल्कनीतून खेळ नीट दिसत नाही ही तक्रार जुनीच आहे. पण खाली खेळणाऱ्या पाहुण्या संघाला दोन्हीकडून आवाजाचा डोंगर अंगावर आल्यासारखं वाटतं, आणि सुमारे १७,२०० जागा म्हणजे आवाज काही कमी नाही. वास्तुकला म्हणून शॅम्पेन सरस, हे मी बिनदिक्कत म्हणेन. सामना बघायचा तर ब्लूमिंग्टन.

हॉल उघडला त्याच मोसमात बॉब नाईट प्रशिक्षक म्हणून आले आणि २००० पर्यंत राहिले. १९७६, १९८१ आणि १९८७ ही राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या काळातली. १९७६चा संघ तर ३२ पैकी ३२ सामने जिंकला. आधीची १९४० आणि १९५३ धरून पाच विजयपताका तिथे टांगलेल्या आहेत. नाईट यांनी कोर्टवर खुर्ची भिरकावली तो प्रसंगही इथलाच, २३ फेब्रुवारी १९८५, पर्ड्यूविरुद्ध. डिसेंबर २०११ मध्ये इंडियानाच्या ख्रिश्चन वॉटफर्डनं शेवटच्या क्षणी लांबून टाकलेल्या बास्केटनं तेव्हाचा अव्वल संघ केंटकी ७३-७२ असा गारद झाला, तोही याच हॉलमध्ये.

म्हणजे चौदा महिन्यांत दोन वेळा ‘नंबर एकचा संघ असेंब्ली हॉलमध्ये शेवटच्या क्षणी हरला’ हे वाक्य खरं ठरलं, आणि दोन्ही वेळा हॉल वेगळा.

हा घोळ मिटला तो पैशामुळे. २०१३ मध्येच इलिनॉयनं नावाचे हक्क स्टेट फार्म या विमा कंपनीला दिले, तीस वर्षांसाठी सहा कोटी डॉलरला. तेव्हापासून तो स्टेट फार्म सेंटर. नूतनीकरण २०१६ पर्यंत चाललं आणि कोर्टला माजी प्रशिक्षक लू हेन्सन यांचं नाव मिळालं. इंडियानाला २०१३च्याच डिसेंबरात सिंडी सायमन स्कॉट यांनी चार कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. त्यातून हॉलची डागडुजी झाली आणि २०१६ पासून तो सायमन स्कॉट असेंब्ली हॉल झाला. त्यांनी आपलं नाव पुढे जोडलं, जुनं मात्र राहू दिलं.

त्यामुळे आजच्या बातमीत ‘असेंब्ली हॉल’ आला तर तो इंडियानाचा समजावा. २०१३च्या आधीचं काही वाचत असाल तर यजमान संघ कोण ते आधी बघा. आणि गावाच्या नावावरून ओळखू म्हणाल तर तिथेही एक गंमत आहे. शॅम्पेनच्या घुमटावर जिचं नाव आहे, त्या स्टेट फार्मचं मुख्यालय ब्लूमिंग्टनला आहे. इंडियानातल्या नव्हे, इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला.